भंगारातला सुपरचार्जर, ९७ ची फाल्कन आणि तीन हजार डॉलर

जिलाँगकर | ९ ऑगस्ट

नमस्कार मंडळी.

गाडी १९९७ ची फोर्ड फाल्कन, ईएल मॉडेल. चार लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत, ऑटोमॅटिक. २ लाख ८६ हजार किलोमीटर झालेत. ऑस्ट्रेलियात आलो त्या वर्षी शेजारच्या आजोबांकडून १,८०० डॉलरला घेतली. ते इथल्या फोर्डच्या इंजिन कारखान्यात आयुष्यभर कामाला होते आणि गाडीची सर्व्हिस वही त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेली आहे. फाल्कनचं उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झालं. हे इंजिन आता कुणी बनवणार नाही, त्यामुळे विकायची कल्पनासुद्धा सहन होत नाही.

गेल्या शनिवारी रेकरकडे, म्हणजे भंगार गाड्यांच्या यार्डात, आरसा शोधायला गेलो होतो. तिथे मागून ठोकलेली होल्डन कमोडोर व्हीएक्स दिसली, सुपरचार्ज्ड व्ही-सिक्सवाली. तिच्यावर ईटनचा एम९० ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर, शाबूत. तासभर खपून उतरवला. ३२० डॉलर पडले, थ्रॉटल बॉडी आणि बायपास व्हॉल्व्हसकट.

आता हा ब्लोअर फाल्कनला बसवायचा आहे. बजेट ब्लोअर धरून ३,००० डॉलर. रेसिंग करायचं नाही. मेलबर्नला जाताना ओव्हरटेक करायला जोर हवा आणि वेगळं इंजिन टाकायचं नाही, एवढंच. वेल्डिंग मला येत नाही, बाकी पाने-स्पॅनरचं काम येतं. इथे कुणी असं काही केलं असेल तर कृपया लिहा. चुका आधी सांगा.

जुनी_जीप | ९ ऑगस्ट

मिशिगनहून लिहितोय. माझ्या ९८ च्या जीप चेरोकीवर (तीही चार लिटर, सरळ सहा) मी हाच एम९० बसवला होता, पॉन्टिॲकवरून काढलेला. चुका आधी सांगा म्हणालात, तर माझी सांगतो: पहिल्याच उन्हाळ्यात सहाव्या पिस्टनची रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटली.

कारण साधं होतं. त्या गाडीत इंजिनात जाणारी हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मॅप सेन्सर सांगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. मूळ सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्याच्या वर ब्लोअरनं कितीही हवा कोंबली तरी कॉम्प्युटरच्या लेखी दाब तेवढाच, म्हणून पेट्रोलही तेवढंच. मिश्रण पातळ झालं, नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) सुरू झालं. ब्लोअरच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. तुमची फाल्कनही मॅप सेन्सरवालीच आहे.

म्हणून पैसे कुठे घालायचे ते आत्ताच ठरवा. ब्लोअरचे ३२० हा या कामातला लहानसा आकडा आहे. नोझल, पेट्रोल पंप, जास्त दाब वाचणारा मॅप सेन्सर, तो समजणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वाइडबँड लॅम्बडा (मिश्रण मोजणारा सेन्सर). हे जमणार नसेल तर ब्लोअर शेल्फवर ठेवा, गाडी आहे तशी चालवा.

सहावा_गिअर | १० ऑगस्ट

पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये आहे. आधी हिशेब मांडू या.

एम९० मधला ९० म्हणजे ९० घन इंच. एका फेऱ्यात तो १,४७५ सीसी हवा पुढे ढकलतो. तुमचं इंजिन ३,९८४ सीसी, फोर-स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्यात जास्तीत जास्त १,९९२ सीसी ओढणार. ब्लोअर क्रँकच्याच, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्याच वेगानं फिरवला तर तो इंजिनला पुरणारसुद्धा नाही, उलट अडथळा होईल. पुलीचं गुणोत्तर किती ते सांगा, मग पुढे बोलता येईल.

जिलाँगकर | १० ऑगस्ट

मोजलं. क्रँकची पुली १५२ मिलिमीटर, ब्लोअरला ८४ ची मिळते. म्हणजे १.८१.

सहावा_गिअर | १० ऑगस्ट

म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला २,६७० सीसी. भागिले १,९९२, उत्तर १.३४. कागदावर ३४ टक्के जास्त हवा. पण रोटर आणि भिंत यांच्यात फट असते, दाब वाढला की काही हवा उलटी गळते. दुसरीकडे तुमचं इंजिनही स्वतःच्या बळावर पूर्ण १,९९२ कधी भरत नव्हतं. दोन्ही उणिवा साधारण एकमेकींना छेदतात.

आता महत्त्वाचं. गेजवर दिसतो तो दाब, हवा नव्हे. रूट्स पद्धतीचा ब्लोअर हवा आत दाबत नाही, नुसती पुढे लोटतो. दाब मॅनिफोल्डमध्ये साचतो. त्यामुळे हवा बरीच तापते. बाहेर ३० अंश असताना ०.४ बार (सुमारे ६ पीएसआय) बूस्टला, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढ्या जास्त दाबाला, ५५ टक्के कार्यक्षमता धरली तर हवा जवळपास ८५ अंशांना बाहेर पडते. ०.७ बारला १२० अंश. गरम हवा फुगते, गेजचा काटा वर जातो, माणूस खूश होतो आणि सिलिंडरमध्ये प्राणवायू मात्र त्या प्रमाणात वाढलेला नसतो. ६ पीएसआयवर थांबा. लहान पुली लावायचा मोह होईल, तो आवरा.

ब्लोअर फिरवायलाच १२ ते १५ किलोवॅट लागतील असा माझा अंदाज. तेवढी ताकद एका सहा धारांच्या बेल्टमधून जाणार आहे, त्यामुळे बेल्ट वेगळा ठेवा. अल्टरनेटर, स्टिअरिंग पंप त्याच्यावर लादू नका.

उद्यमनगर | ११ ऑगस्ट

भावा, कोल्हापुरातनं लिहितोय. माझं मशीन शॉप हाय, सुपरचार्जर आमच्याकडं येत नाहीत, पण रूट्स ब्लोअर आमचा जुना दोस्त. फौंड्रीत क्युपोलाला हवा मारायला हाच लागायचा. रूट्स बंधूंनी अमेरिकेत इंडियानाला १८६० साली पेटंट घेतलं ते गाडीसाठी न्हवतंच, गाड्या कुठं हुत्या तवा. त्यामुळं घाबरू नको, हे लई साधं यंत्र हाय. दोन रोटर, पुढं दोन गिअर, चार बेअरिंग.

पण वापरलेला माल घेतलास तर एवढं बघ. पुली हातानं फिरव. गुळगुळीत फिरली पायजे, कुठं घासल्यागत वाटलं तर रोटर भिंतीला लागतोय. मागच्या तोंडातनं टॉर्च मारून रोटरवरचा लेप बघ, उभे ओरखडे नकोत. मग पुली मागं-पुढं थोडी हलवून बघ. खडखड आली तर पुढच्या नाकातला कपलर झिजलाय. तो प्लास्टिकचा असतोय, स्वस्तात मिळतोय, बदलून टाक. आत तेल साचलं असलं तर पुढचं सील गेलं.

तेल इंजिनचं नाय. गिअरपेटीचं वेगळं, ब्लोअरसाठीचंच घाल. नवीन भरताना जुनं सिरिंजनं पार ओढून काढ.

जिलाँगकर | १२ ऑगस्ट

दादा, खूप आभार. कपलर खडखडतोय, ऑर्डर केला. रोटर स्वच्छ आहेत. तेल काळं आणि घाण वासाचं निघालं, पण धातूचा कीस नव्हता.

बसवायचं असं ठरवलंय: मूळ मॅनिफोल्डला हात लावायचा नाही. थ्रॉटल तिथून काढून ब्लोअरच्या मागच्या तोंडाला न्यायचा, होल्डनमध्ये होता तसा. ब्लोअर इंजिनच्या बाजूला जाड ब्रॅकेटवर. त्याची हवा खालच्या बाजूनं बाहेर पडते, तिथे ॲल्युमिनिअमची पेटी करून घ्यायची आणि पेटीतून पाइप मॅनिफोल्डच्या तोंडाला.

सहावा_गिअर | १२ ऑगस्ट

थ्रॉटल ब्लोअरच्या आधी ठेवताय ते उत्तम. पेटीला बायपाससाठी दुसरी वाट ठेवायला विसरू नका. पाय हलका असताना बायपास उघडतो आणि हवा ब्लोअरभोवती गोल फिरते, त्यामुळे तो जवळजवळ मोकळा चालतो, तापत नाही, पेट्रोलही खात नाही. ही वाट बंद केली तर गाडी सिग्नलला उभी असतानाही ब्लोअर राबत राहील.

आणि ब्रेक. ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी मॅनिफोल्डवर असते. आता तिथे कधी व्हॅक्यूम, कधी दाब येणार. त्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह नवा घाला, जुन्यावर विसंबू नका. क्रँककेसमधला वायू मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या पीसीव्ही नळीलाही तसाच व्हॉल्व्ह लागेल, नाहीतर बूस्ट सगळा ऑइल पॅनमध्ये जाऊन सील फुटतील.

मेल्बर्नची_सून | १३ ऑगस्ट

मी मोटर विम्याच्या दाव्यांचं काम करते, म्हणून मध्ये बोलते. लोखंड कापायच्या आधी व्हिक्टोरियाच्या व्हास योजनेतल्या (बदल केलेल्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या) इंजिनिअरला भेटा. फोटो दाखवा, कुठला ब्लोअर, किती बूस्ट, ब्रेक कसे आहेत ते लिहून द्या आणि त्याला काय पाहिजे ते लिहून घ्या. काम झाल्यावर गेलात आणि त्यानं ब्रॅकेट नापास केलं तर सगळं पुन्हा. प्रमाणपत्र मिळालं की विमा कंपनीला लेखी कळवा, प्रीमियम वाढला तरी. न कळवलेल्या बदलावरून दावे नाकारले गेलेले मी पाहिलेत. त्यात समोरच्या गाडीचं नुकसान माणसाच्या खिशातून जातं. हे मी भीती घालायला सांगत नाही. तुमच्या घरी त्या गाडीत मुलं बसत असतील म्हणून सांगते.

जिलाँगकर | १३ ऑगस्ट

ताई, हे माझ्या यादीत अगदी शेवटी होतं. आज फोन केला, पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली.

नाशिकचा_नितळ | १५ ऑगस्ट

थोडा वेगळा प्रश्न. माझ्या जुन्या सहा सिलिंडर बीएमडब्ल्यूला इथे नाशिकमध्ये असं करता येईल का?

सहावा_गिअर | १५ ऑगस्ट

रस्त्यावर चालवायला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. ऑस्ट्रेलियात इंजिनिअरकडून तपासून घेण्याची वाट आहे, तशी आपल्याकडे सामान्य मालकाला मोकळी नाही. गाडी मूळ अवस्थेत धडधाकट ठेवा, तेही कमी काम नाही.

जिलाँगकर | २० सप्टेंबर

बराच उशीर झाला, माफ करा. प्रगती सांगतो.

इंजिनिअरनं तीन गोष्टी मागितल्या: ब्लोअरच्या बेल्टवर संरक्षक जाळी, पेट्रोलच्या नळ्या उच्च दाबाच्या, आणि पुढच्या ब्रेकची तपासणी. तिन्ही केल्या.

नोझल मिनिटाला ३५० सीसी पेट्रोल सोडणारी घेतली. हिशेब असा केला: २०० किलोवॅट म्हणजे सुमारे २६८ अश्वशक्ती, बूस्टवर दर अश्वशक्तीला तासाला ०.६ पौंड पेट्रोल, सहा नोझलांत वाटून, आणि नोझल ८० टक्क्यांच्या वर उघडं राहू नये. मूळ इंजिन १५७ किलोवॅटचं आहे. ईसीयू जुना, स्वतंत्र, ६५० डॉलरला मिळाला, सोबत २.५ बारचा मॅप सेन्सर.

पेटीचं वेल्डिंग एका दुकानातून करून घेतलं. ती बसवली आणि गाडी सुरू केली, तर आयडलिंग १,४०० च्या खाली येईना. धूर सोडून पाहिला तर पेटी आणि ब्लोअर यांच्या सांध्यातून चहूबाजूंनी धूर. सरळपट्टी लावली, फट मोजायची फीलर गेज ०.६ मिलिमीटरपर्यंत आत गेली.

उद्यमनगर | २० सप्टेंबर

बाक घेतलाय भावा. ॲल्युमिनिअमला आरगॉन मारला की प्लेट हमखास बाक घेते, वेल्डरचा दोष असलाच पायजे असं नाय. क्रमच उलटा पायजे: प्लेट १२ मिलिमीटरची जाड घ्यायची, तिला दुसऱ्या जाड लोखंडाच्या प्लेटीवर बोल्टनं आवळायचं, थोडा थोडा टाका समोरासमोर मारायचा, गार होऊ द्यायचं, आणि तोंड मिलिंग करायचं ते सगळ्यात शेवटी. त्यासाठी सुरवातीलाच एक-दीड मिलिमीटर जादा ठेवायचं.

तुझी प्लेट किती जाड हाय?

जिलाँगकर | २० सप्टेंबर

१० मिलिमीटर.

उद्यमनगर | २० सप्टेंबर

मग चालतंय. ०.८ काढ, ९.२ उरली तरी ताकद हाय. सिलिकॉनचा थर जाड लावून झाकू नको, आज बंद होईल आणि तापल्यावर सुटेल. आणि हो, ब्लोअरच्या तोंडाला हात लावू नको. मिलिंग पेटीचंच.

जिलाँगकर | २८ सप्टेंबर

मिलिंग केलं. आयडलिंग ७५० वर स्थिर. पहिल्यांदा बूस्ट पाहिला, ५.५ पीएसआय. ब्लोअरचा तो शिट्टीसारखा बारीक आवाज आला तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी अंगणात होती, ती पळत येऊन म्हणाली, बाबा गाडी गातेय. आजोबांना व्हिडिओ पाठवलाय.

अजून ट्यूनिंग झालेलं नाही, त्यामुळे जोरात चालवलेली नाही.

जुनी_जीप | २८ सप्टेंबर

ट्यूनिंगच्या आधी नॉक ऐकायची सोय करा. स्वस्त उपाय: तांब्याच्या नळीचं एक टोक हातोडीनं चपटं करा, भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती केबिनमध्ये आणून कान झाकायच्या मफमध्ये घाला. नॉक झालं की काचेच्या बरणीत खडे टाकल्यासारखं स्वच्छ ऐकू येतं. ही १५ डॉलरची नळी तेव्हा माझ्याकडे असती तर तो पिस्टन वाचला असता. ट्यूनरलाही वापरायला द्या.

आणि ट्यूनिंगनंतर सहाही प्लग काढून क्रमानं मांडा. सरळ सहाचा मॅनिफोल्ड लांब असतो, हवा सगळीकडे सारखी जात नाही. सहाची सरासरी चांगली दिसत असताना टोकाचा एकच सिलिंडर पातळ चालत असतो.

जिलाँगकर | १९ ऑक्टोबर

अडचणीत आहे. मंडळी, मदत करा.

डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) पहिल्या दिवशी सगळं ठीक. मिश्रणात हवा-पेट्रोलचं प्रमाण बूस्टवर ११.८, चाकांवर ताकद सरळ रेषेत चढत होती. ट्यूनरनं दर पीएसआयला एक अंश या बेतानं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं घेतलं होतं. दोन आठवडे गाडी छान चालली. मग हळूहळू बूस्ट ५.५ वरून ४ वर आला. बेल्ट घसरतोय असं समजून टेन्शनर आवळला. फरक नाही. बेल्टवर काळी भुकटीही नाही, पुल्या मिलिमीटरभराच्या आत एका रेषेत आहेत.

त्यातच टायमिंग लाइट लावला तर बेस टायमिंग १० ऐवजी ५ अंश दिसलं. डिस्ट्रिब्यूटर सैल झाला असेल म्हणून फिरवून परत १० वर आणला. आणि आता बूस्ट कमी असूनही नॉकिंग! तांब्याच्या नळीतून स्पष्ट ऐकू येतंय. दाब कमी झाला तर नॉक कमी व्हायला हवा ना? गाडी उभी करून ठेवली आहे. ट्यूनर म्हणतो पेट्रोल खराब असेल, पण मी ९८ ऑक्टेनच भरतो.

सहावा_गिअर | १९ ऑक्टोबर

गाडी उभी केलीत, फार चांगलं केलंत. आता काहीही फिरवू नका.

क्रँकच्या पुढे पुली आहे ना, ती नुसती पुली नव्हे, हार्मोनिक बॅलन्सर आहे. सरळ सहा इंजिन वरखाली थरथरत नाही, त्या बाबतीत त्याच्याइतकं समतोल इंजिन क्वचितच मिळेल. पण त्याचा क्रँक लांब असतो आणि तो पिळला जाऊन कंप पावतो. तो पीळ शोषायला बॅलन्सर. त्याचे दोन भाग असतात: आतला हब आणि बाहेरचं जड कडं, मध्ये रबर. तुमचं रबर २८ वर्षांचं तरी आहे. त्यावर आजवर अल्टरनेटर आणि एसीचा भार होता, आता त्यात १२ किलोवॅटची ओढ आली.

माझा संशय: कडं हबवर घसरतंय. तपासायला दहा मिनिटं लागतात. पांढऱ्या रंगानं हबपासून कड्यापर्यंत रबरावरून सरळ रेघ मारा. गाडी सुरू करा, थोडी रेस द्या, बंद करा, रेघ बघा.

जिलाँगकर | १९ ऑक्टोबर, रात्री

रेघ तुटली. हबवरची आणि कड्यावरची टोकं ७ मिलिमीटर लांब गेली. दहा मिनिटांत.

सहावा_गिअर | १९ ऑक्टोबर, रात्री

मग सगळं जुळलं.

बूस्ट कमी झाला, कारण बेल्ट नाही तर कडंच मागे राहत होतं. टायमिंगची खूण कड्यावर कोरलेली असते. कडं फिरण्याच्या उलट दिशेला घसरत घसरत जवळजवळ पूर्ण फेरी मागे गेलं आणि खूण मूळ जागेच्या ५ अंश पुढे आली, म्हणजे ती काट्यापाशी लवकर पोहोचते, म्हणजे लाइटमध्ये टायमिंग मागं पडल्यासारखं दिसतं. खरं टायमिंग १० वरच होतं. तुम्ही डिस्ट्रिब्यूटर पुढे फिरवून खूण १० वर आणलीत, तेव्हा ठिणगी प्रत्यक्षात १५ वर गेली. त्यामुळे कमी बूस्टवरही नॉक. पेट्रोल बिचारं चांगलं होतं.

नवा बॅलन्सर घाला, आणि बसवल्यावर खुणेवर लगेच विश्वास ठेवू नका. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला, क्रँक हातानं एका बाजूला टेकेपर्यंत फिरवा, खूण करा. दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत फिरवा, खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा). स्टार्टरनं मात्र फिरवू नका, पिस्टनला भोक पडेल.

जुनी_जीप | १९ ऑक्टोबर, रात्री

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या जीपचं टायमिंग कॉम्प्युटरच्या हातात होतं, पण बूस्ट उतरायची तक्रार माझीही होती आणि मी तीन बेल्ट बदलले. बॅलन्सर कधी पाहिलाच नाही. उद्या भंगारातल्या त्या जुन्या इंजिनाचा बघतो.

उद्यमनगर | २० ऑक्टोबर

नवीन बसवताना हातोडी मारू नको भावा, रबराची पकड सुटते. पुलर आणि लांब बोल्टनं ओढून बसव.

आणि इंजिनाचं आत काय झालंय ते बघ. कॉम्प्रेशन टेस्ट घे.

जिलाँगकर | २ नोव्हेंबर

कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरमध्ये १६० ते १६८ पीएसआय. प्लगच्या चिनीमातीवर ॲल्युमिनिअमचे बारीक ठिपके नाहीत. देव पावला. हेड गॅस्केटचीही धाकधूक होती, कारण लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनिअमचं हेड असल्यानं या इंजिनाचा तो दुबळा भाग. पण कूलंटमध्ये गॅस सापडला नाही.

नवा बॅलन्सर २८० डॉलर. पिस्टन स्टॉपनं टीडीसी पाहिला, नव्याची खूण अर्ध्या अंशात बरोबर निघाली. बूस्ट परत ५.५. नॉक नाही. पांढरी रेघ आता कायमची ठेवलीय, दर रविवारी बघतो.

मेल्बर्नची_सून | ३ नोव्हेंबर

प्रमाणपत्राचं काय झालं?

जिलाँगकर | ३० नोव्हेंबर

ताई, मिळालं! जाळीचा एक बोल्ट लांब करायला सांगितला, बाकी सगळं मान्य. विमा कंपनीला कळवलं, प्रीमियम वर्षाला २१० डॉलरनं वाढला.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: ब्लोअर ३२०, नोझल १८०, पंप १४०, ईसीयू ६५०, वाइडबँड २६०, पेटी-ब्रॅकेट-मिलिंग मिळून ५४०, बेल्ट-पुली-टेन्शनर १९०, ट्यूनिंग ७५०, बॅलन्सर २८०, प्लग-तेल-नळ्या १६०, प्रमाणपत्र आणि त्यासाठीच्या तपासण्या १,१००. एकूण ४,५७० डॉलर. बजेटपेक्षा १,५७० जास्त. जुनी_जीप, तुमचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं.

टॅक्सीवाला_भाऊ | ४ डिसेंबर

मेलबर्नमध्ये मी बरीच वर्षं फाल्कन टॅक्सी चालवली, एलपीजीवर. हेच इंजिन, योग्य तेल-पाणी केलं तर पाच-सहा लाख किलोमीटर सहज जायचं. एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, ब्लोअरला तो मानवला असता. पण पंप एकेक करून बंद होत चाललेत, त्यामुळे आता त्या वाटेला जा असं मी सांगणार नाही. तुमचा धागा वाचून माझी जुनी टॅक्सी फार आठवली.

जिलाँगकर | १२ जानेवारी

काल इथे ४१ अंश होतं. मुद्दाम लॅपटॉप जोडून चढावर गाडी चालवली. मॅनिफोल्डमधली हवा ९२ अंशांपर्यंत गेली. सहावा_गिअर यांच्या हिशेबाच्या अगदी जवळ. ईसीयूमध्ये ६० अंशांनंतर टायमिंग मागं घ्यायची तरतूद आहे म्हणून नॉक झाला नाही, पण ओढ स्पष्ट कमी वाटली. सकाळी थंडीत जी गाडी उडते, ती दुपारी जड होते.

होल्डननं मूळ गाडीत इंटरकूलर (ब्लोअरची तापलेली हवा गार करणारा भाग) दिला नव्हता. पण जॅग्वारनं १९९० च्या दशकात एक्सजेआरमध्ये चार लिटरच्या सरळ सहावर हाच एम९० बसवला, तेव्हा पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर जोडला आणि कॉम्प्रेशनचं गुणोत्तरही ८.५ पर्यंत उतरवलं. माझं ९.३ आहे. पेटी आणि मॅनिफोल्डच्या मधला पाइप लांब ठेवलाय, तिथे इंटरकूलर मावेल. की पाण्याचा फवारा मारावा?

सहावा_गिअर | १२ जानेवारी

इंटरकूलर. फवाऱ्याची टाकी रिकामी झाली आणि ट्यूनिंग फवारा धरून केलेलं असलं, तर पुन्हा ऑक्टोबरची रात्र येईल. इंटरकूलर बंद पडला तरी हळूहळू तापतो, सावरायला वेळ मिळतो. यंदाचा उन्हाळा आहे तसाच काढा, पैसे साठवा. दुपारी पाय हलका ठेवा.

उद्यमनगर | १३ जानेवारी

ब्लोअरचं तेल बदलून किती दिवस झालं?

जिलाँगकर | १३ जानेवारी

ऑगस्टमध्ये भरलं होतं, ६,००० किलोमीटर झाले. येत्या रविवारी सिरिंजनं काढून पांढऱ्या कपड्यावर टाकतो आणि रंगाचा फोटो इथे लावतो, दादा.

उद्यमनगर | १३ जानेवारी

लाव. कपडा उन्हात धरून फोटो काढ, कीस असला तर चमकतोय.